आई-बाबांना पत्र: साध्या गाड्यांची जत्रा

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. फोन रोज होतोच, पण हे सगळं फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून बसून लिहितेय. बाबांनी आधी वाचा आणि मग आईला मोठ्याने वाचून दाखवा, कारण चष्म्याचा नंबर वाढलाय हे ती कबूल करणार नाही.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी आम्ही चौघं इथे इंग्लंडमध्येच लिंकनशायरला ग्रिम्सथॉर्प कॅसल आहे तिथे गेलो होतो, गाड्यांच्या शोला. नाव आहे फेस्टिव्हल ऑफ द अनएक्सेप्शनल. २०१४ पासून भरतो, आणि हॅगर्टी म्हणून जुन्या गाड्यांचा विमा करणारी कंपनी आहे ती भरवते. इथे फेरारी नाही, रोल्स रॉइस नाही, स्पर्धेत उतरायचं तर गाडी साधीच पाहिजे, साधारण साठच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या दशकापर्यंतची, आणि त्यातही वरचं मॉडेल नको, ज्यात रेडिओसुद्धा एक्स्ट्रा पैसे देऊन घ्यावा लागायचा तसलं खालचं मॉडेल असेल तर परीक्षक जास्त खूश. आणि हे सगळं कुठे तर त्या कॅसलसमोरच्या हिरवळीवर! समोरचा दर्शनी भाग बांधलाय व्हॅनब्रो नावाच्या वास्तुकाराने, ज्याने ब्लेनहाइम पॅलेस बांधला तोच, आणि त्याच्यापुढे ऐटीत उभी कोण तर बदामी रंगाची मॉरिस मरीना, जी एकेकाळी इथल्या शाळामास्तरांची आणि बँकेतल्या क्लार्कची गाडी होती. मला ते बघून इतकं भरून आलं की काय सांगू.

लोकं पण मस्त होती. बरेच जण त्या काळचे कपडे घालून आलेले, मोठ्या कॉलरचे शर्ट, बेलबॉटम, गाडीशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून सँडविच आणि थर्मासमधला चहा. तुम्ही कुठल्याही गाडीजवळ जरा थांबलात की मालक उठून येतो आणि बोलायला लागतो, हे माझ्या वडिलांनी नवीन घेतलं, हे त्याचं बिल, हा शोरूमचा स्टिकर बघा मागच्या काचेवर अजून तसाच आहे. पोरांना कुणी हात लावू नको म्हटलं नाही. सईने तर आयुष्यात पहिल्यांदा काच खाली करायचं हँडल फिरवलं आणि मग ती प्रत्येक गाडीत तेच करत सुटली. ओजसला तीन चाकांची रिलायंट रॉबिन आवडली. बाबा, त्याच रिलायंटची किटन म्हणून चार चाकांची गाडी होती, तीच आपल्याकडे बंगळूरच्या सिपानीने डॉल्फिन म्हणून काढलेली, आठवतेय का, फायबरच्या बॉडीची? सांगलीत एक दोन होत्या बहुतेक.

मला एक ऑस्टिन अ‍ॅलेग्रो फार जवळून बघायला मिळाली. तिचं स्टिअरिंग गोल नाही हो, कोपरे गोल केलेला चौकोन! ते लोकांना इतकं नावडलं की कंपनीने थोड्याच वर्षांत गुपचूप गोल चाक लावलं, त्यामुळे आता तो चौकोनी तुकडा ज्याच्याकडे आहे त्याला त्याचा केवढा अभिमान. मी हात लावून बघितलं, हाताला बारीक भेगा लागतात प्लास्टिकच्या, आणि जिथे दोन अंगठे येतात तिथे घासून गुळगुळीत झालंय. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच दोन जागी अंगठे ठेवून कामावर गेलं असणार, पोरांना शाळेत सोडलं असणार.

अशा गाड्या एकेकाळी रस्त्यावर लाखोंनी होत्या. फोर्ड कॉर्टिना तर सत्तरच्या दशकात इथली सगळ्यात जास्त खपणारी गाडी, आणि आज बघायला मिळत नाही. एक कारण म्हणजे गंज, हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात बर्फासाठी ते खालून पत्रा खातं. दुसरं म्हणजे २००९ मध्ये सरकारने योजना काढली, दहा वर्षांवरची गाडी भंगारात द्या आणि नवीन गाडीवर दोन हजार पाउंड सूट घ्या, त्यात जवळपास चार लाख गाड्या गेल्या. पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. भारी गाडी कुणी टाकत नाही, तिला गॅरेज मिळतं, कव्हर मिळतं. साधी गाडी ‘काय आहे त्यात’ म्हणून जाते. आणि ज्या गाडीत शंभरातल्या नव्वद घरांचं आयुष्य गेलं तीच आधी संपते. आपल्याकडे पण विंटेज रॅली म्हटलं की पेपरात फोटो कुणाचे, तर राजेरजवाड्यांच्या गाड्यांचे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचंच बघा ना, शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, वीस वर्षांची मर्यादा म्हणून ऑक्टोबर २०२३ ला ती पण बंद, आणि मग सगळ्यांनी फोटो टाकून हळहळ केली. चार वर्षं आधी कुणी एक पद्मिनी मागितली असती तर भंगाराच्या भावात मिळाली असती.

आता मुद्द्याचं सांगते. फिरता फिरता लाडा नावाच्या एका रशियन गाडीजवळ आले आणि जागच्या जागी थांबलेच, कारण ती आपली घरची एनई होती! म्हणजे नव्हती, पण तेच चौकोनी दार, छताची तीच सरळ रेघ, मागच्या काचेचा तोच उतार. बाबा, तुम्हाला माहीतच आहे की आपली ११८ एनई म्हणजे मुळात फियाट १२४, ती १९६६ ला इटलीत आली आणि पुढच्या वर्षी युरोपात कार ऑफ द इयर झाली. रशियाने तीच घेतली, खराब रस्त्यांसाठी पत्रा जाड केला, गाडी उचलली, मागचे डिस्क ब्रेक काढून ड्रम लावले आणि लाडा केली. आपल्या प्रीमियर कंपनीने तीच घेऊन तिच्यात निसानचं बाराशेचं इंजिन बसवलं. म्हणजे रशियातल्या तोल्यात्तीतली गाडी आणि सांगलीतली गाडी सख्ख्या चुलत बहिणी.

मालक होते साधारण तुमच्याच वयाचे, गृहस्थ रिटायर्ड इलेक्ट्रिशियन. मी म्हटलं आमच्याकडे हीच गाडी आहे, भारतात बनलेली. त्यांचा विश्वासच बसेना. मग मोबाइलवर दादाच्या लग्नातला फोटो दाखवला, बॉनेटवर झेंडूच्या माळा आणि बाबा शेजारी सफारी घालून उभे तो. त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा करून बघितला, ग्रिल बघितलं, मग शेजारच्या दोघातिघांना हाका मारून बोलावलं आणि पंधरा मिनिटं माझा मोबाइल या हातातून त्या हातात फिरत होता. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच, अजून आहे ना? मी म्हटलं हो आहे, घरासमोर शेडमध्ये उभी आहे. एकाने तर खरंच टाळी वाजवली.

म्हणून बाबा, दादा गाडी भंगारात द्या म्हणतोय ते करू नका. त्याचं चुकत नाहीये, त्याला दुसऱ्या गाडीला जागा पाहिजे, आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायची, ग्रीन टॅक्स भरायचा, आरटीओत खेटे, हे सगळं तुमच्याच अंगावर पडतं हे मला कळतं. इथे चाळीस वर्षं झाली की रोड टॅक्स माफ, दरवर्षीची टेस्टही माफ. आपल्याकडे २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांनंतर विंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. आपली अठ्ठ्याऐंशीची, म्हणजे २०३८. गाड्या मरतात त्या या मधल्या वर्षांतच, जेव्हा त्या नव्या नसतात आणि जुन्या म्हणून मानही मिळत नाही. ही वर्षं आपण तिला काढून देऊ. खर्च मी करते, त्यावर वाद नको.

आई, तू म्हणशील लोखंडात काय जीव गुंतवायचा. पण गणपती तूच मांडीवर घेऊन बसायचीस ना पुढच्या सीटवर, आणि बाबा आख्खा रस्ता सेकंड गिअरच्या वर जायचे नाहीत. आंबा घाटात रेडिएटर तापला की तुझ्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी आधी गाडीला, मग आम्हाला. त्या हिरवळीवर प्रत्येक माणूस हेच सांगत होता, फक्त गणपतीच्या जागी त्यांचा समुद्रकिनारा आणि घाटाच्या जागी त्यांचा हायवे. मला एकदाही आपण परक्या देशात आहोत असं वाटलं नाही.

तर आता कामं. दादाशी मी रविवारी बोलते, तोवर भंगारवाल्याला काही शब्द देऊ नका. बॅटरीची वायर काढून ठेवा. टायर खाली बसले असतील, हवा भरून घ्या आणि गाडी थोडी पुढे ढकलून ठेवायला सांगा म्हणजे एकाच जागी दबणार नाहीत. स्टेशन रोडवाले मिस्त्री अजून गॅरेज चालवतात का विचारा, कार्बोरेटर उघडणारी माणसं आता फार राहिली नाहीत, ते असतील तर डिसेंबरमधला एक आठवडा त्यांचा धरून ठेवा, मी तेव्हा येतेच आहे. आणि गाडीचं मूळ बिल आणि सर्व्हिस बुक आईच्या कपाटात खालच्या खणात लग्नाच्या अल्बमखाली असणार, त्यांचे फोटो काढून पाठवा. लाडावाल्या काकांना मी प्रॉमिस केलंय.

पोरांचा दोघांना नमस्कार. बाबा, बीपीची गोळी वेळेवर.

तुमची,
मनू