टपाचे पोपडे, रॅप आणि रंग

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून पाहिले. टपाचे पोपडे सुटलेत, तर गाडीला रॅप करावा, म्हणजे वरून फिल्म चिकटवावी, की रंग मारावा, एवढंच तुम्ही विचारलंत. तर रॅप नको, आणि अख्ख्या गाडीला रंगही नको. टप, बॉनेट, डिकीचं दार आणि डाव्या पुढच्या दाराची गंजलेली खालची कड, एवढंच रंगवा. रंग आहे तोच लाल ठेवा. आणि हे काम गणपतीआधी काढू नका, दिवाळी होऊ दे. आता कारणं लिहिते, नाहीतर गॅरेजवाला दोन वाक्यांत तुमचं मन वळवेल.

कारखान्यातून गाडी येते तेव्हा पत्र्यावर चार थर असतात: गंज अडवणारा ई-कोट, प्रायमर, रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी. ऊन आधी क्लिअरला खातं. त्यात अतिनील किरण अडवणारी रसायनं घातलेली असतात, ती वर्षानुवर्षं उन्हात संपत जातात. मग क्लिअर ठिसूळ होतं आणि खालच्या रंगावरची पकड सोडतं. टप आणि बॉनेट दिवसभर आकाशाकडे तोंड करून असतात म्हणून पोपडे तिथेच आधी सुटतात. दारं उभी असल्यामुळे वाचतात. तुमच्या फोटोंत नेमकं हेच दिसतंय. दारांचा रंग फिका झालाय, पण थर शाबूत आहे.

रॅपवाला सांगेल की वरून फिल्म बसली की पोपडे झाकले जातील. तसं होत नाही. रॅप म्हणजे मागे गोंद असलेली विनाइलची फिल्म, गोंदासकट ८० ते १०० मायक्रॉन. ती ताणून, गरम करून बसवतात, त्यामुळे खालचा प्रत्येक खड्डा आणि पोपड्याची प्रत्येक कड वर उठून दिसते. चकचकीत फिल्मवर तर जास्तच. आणि फिल्म धरून राहणार कशाला? गोंद क्लिअरला चिकटेल, पण क्लिअरनेच रंगाला सोडलंय. उन्हात फिल्म आकसायला लागली की कडेने क्लिअरसकट उचलली जाईल. पुढे कधी काढायची झाली तर सोबत काय काय निघेल ते वेगळंच.

विश्वास बसत नसेल तर घरीच बघा. टप धुऊन कोरडा करा. पार्सलला लावतो ती दोन इंची तपकिरी टेप एका पोपड्याच्या कडेपासून चांगल्या दिसणाऱ्या भागावर वीतभर चिकटवा, नखाने नीट घासा आणि एका झटक्यात ओढा. मग टेप उलटी करून उजेडात धरा. लसणीच्या सालासारखे पारदर्शक तुकडे चिकटलेले दिसले तर क्लिअर सुटलंय. हे तुकडे कुठवर येतात ते नीट पाहा. डोळ्यांना जिथे रंग धड वाटतो तिथूनही बोट-दोन बोटं येतात बहुतेक. दारावरही एकदा करून बघा. तिथे टेप कोरी निघाली तर ती गंजलेली कड सोडून दारांना हात लावू नका.

दुसरं कारण गंजाचं. रत्नागिरीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे दाराच्या खालच्या कडेला पत्रा दुमडलेला असतो तिथे पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बोट फिरवलंत तर रंगाखाली फोड लागतील. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजलेली असणार, ती आधी तारेने मोकळी करा. पुढच्या काचेच्या वरची, रबराखालची कडही तपासा. टपाचा गंज बरेचदा तिथून सुरू होतो. गंजावर फिल्म लावणं म्हणजे ओल्या कपड्यावर प्लॅस्टिक गुंडाळणं. वरून छान दिसेल आणि आत पत्रा जात राहील.

रॅप वाईट असतो असं नाही. गाडी नवी असेल, कारखान्याचा रंग शाबूत असेल आणि काही वर्षांनी परत मूळ रंगावर यायचं असेल तर चांगला पर्याय आहे. पण त्यातही कास्ट आणि कॅलेंडर्ड असे दोन प्रकार असतात. कॅलेंडर्ड स्वस्त, पण वळणांवरून आकसते. कास्ट टिकते, पण आपल्या गाडीएवढ्या हॅचबॅकला दीड मीटर रुंदीची साधारण १५ ते १७ मीटर फिल्म लागते आणि चांगल्या कास्टचं काम लाखाच्या आसपास जातं. इतके पैसे घालूनही आपल्याकडच्या उन्हात टपावरची फिल्म दारांवरच्या फिल्मच्या बरीच आधी जाते. आणि कुणी पीपीएफ म्हणालं तर ती रंग वाचवणारी जाड पारदर्शक फिल्म, वेगळी गोष्ट. आपल्याला तीही नको.

बाबा, रंग बदलायचा विचार सोडा. आरसीवर रंग लिहिलेला असतो, तो बदलला तर आरटीओत अर्ज करून नोंद दुरुस्त करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं. तुम्हाला आवडतो तो मिलिटरी हिरवा तर कायद्यानेच चालत नाही, तो संरक्षण दलांच्या गाड्यांसाठी राखीव आहे. शिवाय रंग बदलला तरी दार उघडलं की चौकटीत लाल दिसणारच. ते लपवायचं तर मजुरी दुप्पट होते. गाडी २०१२ची आहे. २०२७ला पंधरा वर्षं भरतील, तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागेल. तेव्हा पत्रा धड असणं महत्त्वाचं, रंग कोणता याला काही महत्त्व नाही.

आता कामाचं. चांगल्या गॅरेजात एका भागाचे साधारण चार ते सहा हजार सांगतील, टपाचे थोडे जास्त. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास बसायला हवं. कुणी याच्या निम्म्यात करतो म्हणाला तर तो एनसी, म्हणजे थिनरवर सुकणारा रंग मारणार आहे. तुम्ही पीयू मागा, हार्डनर घालून मारतात तो. बिलावर क्लिअरचं आणि हार्डनरचं नाव लिहून घ्या.

घाई करू नका म्हणते ती हवेमुळे. पीयूच्या हार्डनरची ओलाव्याशी प्रक्रिया होते, त्यातून वायू सुटतो आणि क्लिअरमध्ये सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात. पुट्टी तर पाणी पितेच. श्रावणात भरलेल्या पुट्टीवर रंग मारला की मार्च-एप्रिलच्या उन्हात तिथे फोड येतात. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस गॅरेजांत रांग असते आणि हवेत पाणी असतं, दोन्ही वाईट. नोव्हेंबरमध्ये कोरडी हवा मिळेल आणि पेंटरही मोकळा असेल.

तीन वेळा गॅरेजात जा. रोज जाऊन बसू नका, तो वैतागेल.

पहिल्यांदा, घासून झाल्यावर आणि प्रायमर मारायच्या आधी. टपावर क्लिअरचा एकही पोपडा उरता कामा नये. काही पेंटर पोपड्याची कड नुसती पॉलिश पेपरने उतरती करतात आणि वरून प्रायमर मारतात. सहा महिन्यांत कड परत उमटते. सुटलेलं क्लिअर पूर्ण काढून, खालचा शाबूत थर ३२० नंबरच्या पेपरने एकसारखा मॅट झालेला दिसला पाहिजे. दाराच्या कडेला गंज ८० नंबरने खरवडून पांढरा चकचकीत पत्रा काढायला सांगा. भोक पडलं असेल तर तिथे पत्रा वेल्ड करायचा, पुट्टीने बुजवायचं नाही. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. पुट्टी भरलीच तर दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको, आणि ती कोरडीच घासायची, पाणीपेपरने नाही. हार्डनर वजनाने २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. लवकर सुकावं म्हणून जास्त घातलं की त्याचा डाग वरच्या रंगातून डोकावतो.

दुसऱ्यांदा, रंग मारायच्या आदल्या दिवशी, रंग जुळवण्यासाठी. लाल रंगाची हीच गोम आहे. गाडीवरच्या पट्टीवरून रंगाचा कोड घेऊन डबा बनवला तर तो २०१२चा लाल येईल, आपल्या दारांवर आत्ता आहे तो नाही. म्हणून आधी मडगार्ड आणि दारं रबिंग करून घ्यायला सांगा, वरचा फिकट थर निघून खरा रंग दिसतो. मग एका कार्डावर रंग आणि क्लिअर मारून, सुकल्यावर ते कार्ड मडगार्डवर ठेवून उन्हात पाहा. ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल उन्हात वेगळा दिसतो. तरी किंचित फरक राहिला तर बॉनेटचा रंग मडगार्डच्या वरच्या भागावर विरत नेता येतो, पण मग क्लिअर अख्ख्या मडगार्डवर मारावं लागतं. टपाचं क्लिअर बाजूच्या पट्टीखालच्या खाचेतच संपलं पाहिजे. कुठे मधेच विरवत सोडलं तर ती जागा वर्ष-दोन वर्षांत सुटणार. आणि लाल रंग खालचं सगळं झाकणारा नसतो, त्याला तीन-चार हात लागतात. दोन हातांवर थांबला तर प्रायमरची राखाडी छटा कडांवर दिसते. टप, बॉनेट, डिकी आणि दाराची कड धरून सुमारे एक लिटर रंग आणि एक लिटर क्लिअर, त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात हार्डनर.

स्प्रे चालू असताना मात्र आत थांबू नका. हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा उसळतो आणि तुम्हाला आधीच त्रास आहे. कापडी मास्कचा त्याला काही उपयोग नाही. आई, हे तू लक्षात ठेव, ते विसरतील.

तिसऱ्यांदा, गाडी ताब्यात घेताना, आणि सकाळच्या उन्हात. संध्याकाळी देतो म्हणाला तर दुसऱ्या दिवशी जा. टपाकडे तिरकं पाहा. संत्र्याच्या सालीसारखा थोडा पोत असणारच, कारखान्याच्या रंगालाही असतो. ओघळ आणि धुळीचे कण दिसले तर ते घासून पॉलिश करता येतात, तिथल्या तिथे करून घ्या. गोल गोल खळगे दिसले, मधे रंगच न धरलेली जागा, तर सिलिकॉन राहिलंय. डॅशबोर्ड चकाकवायच्या पॉलिशमधून ते येतं. तो भाग घासून परत मारावा लागतो, पॉलिशने जात नाही. म्हणून गाडी गॅरेजात द्यायच्या महिनाभर आधीपासून ते पॉलिश वापरू नका. सगळे पैसे आधी देऊ नका, निम्मे प्रायमरला आणि निम्मे या तपासणीनंतर.

नंतर आठवडाभर गाडी धुवायची नाही, दोन महिने वॅक्स नाही आणि कव्हर तर अजिबात नको. कव्हर वाऱ्याने घासतं आणि आत ओल धरतं. आई, गाडी आंब्याखाली लावू देऊ नकोस. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि कोवळ्या क्लिअरवर डाग राहतात. पडलाच तर सुक्या फडक्याने पुसू नका, पाणी ओतून भिजू द्या आणि मग पुसा. पक्ष्यांच्या विष्ठेलाही तेच. विहिरीकडच्या शेडमध्ये लाकडं आहेत ती हलवली तर गाडी मागे घेऊन बसते, मी अंतर मोजलं होतं, पावणेचार मीटर आहे.

आधी टेप लावून बघा आणि तिच्या उलट्या बाजूचा फोटो पाठवा. दाराच्या कडेचा पाठवाल तेव्हा खालून, मोबाइल जमिनीवर ठेवून काढा.

तुमची
धाकटी