आमदार-खासदारांसाठी राखीव आसन

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एसटीत पुढच्या बाजूच्या एका आसनाशी ‘आमदार/खासदार’ अशी अक्षरे रंगवलेली असतात. ३१ वर्षे वाहकी केली, त्या आसनावर मी कोंबड्यांची पाटी पाहिली, माहेरी निघालेली बाळंतीण पाहिली, बँडवाल्यांचा ढोल पाहिला. आमदार एकदाच पाहिले, तेही माजी. ते बसले तसे मागून कोणीतरी पुटपुटले, “पडलेत वाटतं.” सगळी गाडी हसली. ते स्वतःही हसले आणि पुढच्या थांब्यापर्यंत त्या माणसाशी उसाच्या बिलावर बोलत बसले.

हे आठवायला कारण झाले मागच्या महिन्यातले आमच्या तालुक्याच्या गावचे दोन प्रसंग.

नळाला आठ दिवसांआड पाणी येते, म्हणून आमच्या गल्लीतल्या दहा-बारा बायका नव्या नगरसेवकांच्या कार्यालयावर गेल्या. माझी बायकोही त्यांत होती. ‘बसा’ म्हणायची पद्धत तिथे नव्हती. साहेबांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला, त्यावर बोट ठेवले आणि विचारले, “तुमच्या बूथवर मला किती मतं पडली, माहितीये? सत्तेचाळीस.” पाण्याचा विषय तिथेच संपला. परत येताना शेजारच्या आजी म्हणाल्या, “पाणी मागाय गेलो आन् मताचा हिशेब दिऊन आलो.”

दुसरा प्रसंग त्यानंतर चारच दिवसांनी घडला. शेजारच्या प्रभागातल्या नगरसेविका टँकरची वेळ रोज सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या. एक दिवस टँकर आला नाही. ग्रुपवर त्यांचा फोटो कोणीतरी विचित्र करून टाकला आणि खाली जे लिहिले गेले ते आपल्या दैनिकात छापता येणार नाही. हसणाऱ्यांत माझा सख्खा पुतण्या होता. बाईंनी ग्रुप सोडला. आता त्या भागातल्या बायका टँकर कधी येणार हे कळत नाही म्हणून सकाळपासून घागरी रांगेत लावून बसतात. सत्तेचाळीस मतांचा हिशेब सांगणाऱ्याच्या तोंडावर यातला एक शब्द काढायची आमच्या पोरांची छाती झाली नव्हती, हेही सांगून ठेवतो.

चहाच्या टपरीवर हे निघाले की दोनच बोलणी ऐकू येतात. एक, “ते आपले नोकर आहेत.” दुसरे, “साहेबांचा शब्द म्हणजे शब्द.” बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, साहेब समोर आहेत की नाहीत एवढाच फरक. मला दोन्ही पटत नाहीत. वाहक म्हणून प्रवासी माझा मालक नव्हता आणि मी त्याचा नव्हतो. पण तक्रार पुस्तक वाहकाकडे मिळेल, असे गाडीतच लिहिलेले असायचे. ३१ वर्षांत ते माझ्याकडे फार तर सात-आठ जणांनी मागितले. तरी कोणीही मागू शकतो या जाणिवेनेच सुट्ट्या पैशांवरून चढलेला माझा आवाज कितीदा तरी खाली आला आहे.

सरपंचांसाठी असे पुस्तक म्हणजे ग्रामसभा. कायद्याने वर्षातून किमान चार सभा व्हायला हव्यात. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली कमी असेल ती संख्या पुरते. माझ्या मूळ गावी तेवढेही जमत नाहीत. सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग ओट्यावरच्या नऊ जणांत सगळे ठराव एकमताने मंजूर होतात आणि सह्यांचे रजिस्टर घरोघर फिरते. मीही दारात उभा राहून, चहाचा कप डाव्या हातात धरून, न गेलेल्या सभेची सही केलेली आहे. त्यानंतर गटारीच्या कामाबद्दल सरपंचांना फैलावर घ्यायला गेलो, तर त्यांनी तीच सही दाखवली. काय बोलणार?

आम्ही प्रतिनिधीला नको तिथे मात्र हजर ठेवतो. लग्नसराईत एका दिवसात पंधरा लग्ने, दोन साखरपुडे, एक दहावा. अक्षता पडेपर्यंत थांबले नाहीत तर “आता काय, मोठे झाले.” आमच्याकडे निवडणुकीत पडण्याचे सगळ्यात मोठे कारण रस्ता किंवा पाणी नव्हे, तर “मयतीला आला नाही” हे आहे. सभागृहात त्यांनी कोणता प्रश्न विचारला, हे मी आजवर कोणाला विचारताना ऐकलेले नाही. गणपतीची वर्गणी, क्रिकेटचा चषक, जत्रेतल्या कुस्त्यांचे इनाम हे सगळे त्यांनीच द्यायचे. ते येते कुठून, हे मात्र विचारायचे नाही. मतदानाच्या आदल्या रात्रीच्या पाकिटाबद्दल तर सगळेच गप्प. ते घेतले की खड्ड्याबद्दल विचारताना जीभ अडखळते, आणि समोरच्याला ते ठाऊक असते. त्याच्या लेखी आपला व्यवहार त्या रात्रीच चुकता झालेला असतो. बायकांना ‘बसा’ का म्हटले गेले नाही, याचे निम्मे उत्तर त्या पाकिटात आहे.

उरलेल्या निम्म्याची जबाबदारी मात्र खुर्चीवरच्याची. आमच्या जिल्ह्यात सांगोल्याचे गणपतराव देशमुख होऊन गेले. १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार झाले. त्यांच्या एसटी प्रवासाच्या गोष्टी आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत. माझ्या गाडीला तो योग आला नाही याची चुटपुट आहे. लोकांनी त्यांना १९७२ मध्ये आणि १९९५ मध्ये पाडलेही होते. पाडणाऱ्यांच्याच दारात ते पुन्हा गेले आणि लोकांनी पुन्हा निवडून दिले. कोणत्या बूथवर किती कमी पडली, याची यादी करायची झाली असती तर त्यांची केवढी झाली असती!

“सगळे सारखेच, नसलेले बरे” म्हणणाऱ्यांनाही एक आठवण देतो. नसण्याचा अनुभव आपण घेतला आहे. राज्यातल्या कितीतरी नगरपरिषदांची मुदत संपल्यावर २०२५ च्या डिसेंबरातल्या निवडणुकीपर्यंत तीन-चार वर्षे प्रशासक होते. त्या काळात आमच्या गल्लीतला दिव्याचा खांब वाकला. अर्ज आवक-जावकला दिला, शिक्का मिळाला. पुढे कोणाच्या दारात जायचे, हेच कळेना. रात्री दहाला ज्याचे दार वाजवता येईल, असा माणूसच उरला नव्हता. आता तो आहे, तर त्याने दार उघडल्यावर ‘बसा’ म्हणावे आणि आपण वाजवताना शिवी देऊ नये.

पुतण्याला मी बाईंच्या घरी घेऊन गेलो. त्याने खाली मान घालून माफी मागितली. बाईंनी चहा दिला, पण ग्रुपवर परत येणार नाही म्हणाल्या. साहेबांकडे बायका पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहेत, या वेळी लेखी अर्ज घेऊन आणि पोच मागणार आहेत. सोबत घरून सतरंजीही नेणार आहेत.

आपल्याला एक विनंती. नेत्यांच्या वाढदिवसाला आपले दैनिक चार पानांची रंगीत पुरवणी काढते. जाहिरातीचा धंदा आहे, माझी तक्रार नाही. त्या पानांच्या एखाद्या कोपऱ्यात तालुक्यातल्या पुढच्या ग्रामसभांच्या आणि नगरपरिषदेच्या सभेच्या तारखा छापाल का? चार ओळींची जागा पुरेल. आमच्या गावच्या सभेची तारीख मी स्वतः विचारून कळवतो.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सोलापूर जिल्हा