दिलमुनच्या बेटावर राहणाऱ्या मित्रास

सांगली,
रविवार, रात्र

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत येताना तू बहरीनहून रॉबर्ट सिल्व्हरबर्गची 'गिल्गामेश द किंग' ही जी कादंबरी आणून दिलीस, ती आमच्या रविवारच्या मंडळात वाचून संपली. "लोक काय म्हणाले ते कळव" असं तू फोनवर दोनदा म्हणालास आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. शिवाय माझंच मत मधे एकदा फिरलं, आणि ते का फिरलं हे मला नीट बसून लिहायचं होतं.

मंडळात नऊ-दहा जण. त्यातले इंग्रजी कादंबरी सलग वाचणारे चार. पुस्तक त्या चौघांत फिरलं आणि बाकीच्यांना मी दर रविवारी एकेक भाग मराठीतून सांगत गेलो. पहिल्या दिवशी गिल्गामेश, म्हणजे आजच्या इराकमधल्या प्राचीन सुमेरच्या उरुक शहराचा राजा, आणि त्याचा मित्र एन्किडू, ही नावं कुणाच्या तोंडात बसेनात. तिसऱ्या रविवारी लोक चहा येण्याआधीच विचारायला लागले, "त्या किशच्या राजाचं, अग्गाचं पुढे काय झालं?"

तू पुस्तक सुरुवातीलाच सोडलंस. गिल्गामेशचा बाप लुगलबंदा राजा मरतो, त्याच्याबरोबर त्याचे सेवक, वादक, दासी जिवंतपणी थडग्यात उतरतात आणि लहानगा गिल्गामेश ते बघत उभा राहतो. तिथे तुझं मन उडालं, "उगाच रक्त दाखवलंय" असं म्हणालास. बापू, ते उगाच नाही रे. सुमेरच्याच उर शहरात लिओनार्ड वूली या पुरातत्त्वज्ञाने १९२२ पासून बारा वर्षं खोदकाम केलं. तिथल्या एका खड्ड्यात त्याला ७४ माणसं ओळीने निजवल्यासारखी सापडली. त्यातल्या ६८ बायका. त्यांच्या केसांत सोन्याच्या, चांदीच्या फिती होत्या. एका मुलीच्या केसांत मात्र फीत नव्हती. ती तिच्या कमरेपाशी गुंडाळी करून ठेवलेली मिळाली, चांदीची, घट्ट वळलेली. हिला यायला उशीर झाला असावा, फीत बांधायला वेळ मिळाला नसावा, असं वूलीने लिहून ठेवलंय. साडेचार हजार वर्षांपूर्वी एक मुलगी मरायला निघाली आणि तिला उशीर झाला. हे मी मंडळात सांगितलं तेव्हा पाच मिनिटं कुणी बोललं नाही. तू तेवढं प्रकरण पुन्हा वाच, ती फीत मनात ठेवून.

सिल्व्हरबर्गने १९८४ साली आलेली ही कादंबरी लिहिताना एक पण केलेला दिसतो. गिल्गामेशवरच्या मूळ प्राचीन काव्यात जे जे चमत्काराचं, ते माणसाच्या मापात बसवायचं. सगळी गोष्ट गिल्गामेश स्वतः सांगतो, "मी" म्हणून. हा तिसऱ्या पुरुषातून पहिल्या पुरुषात आलेला राजा आमच्यातल्या बहुतेकांना आवडला. आपल्याकडे कर्णाच्या तोंडून त्याचीच गोष्ट ऐकून आपली पिढी कॉलेजात रडली होती, त्यामुळे ही रीत काही परकी वाटली नाही. वीटभट्टीवाले आमचे एक मित्र तर उरुकच्या तटबंदीवरच खूश. मूळ काव्य सुरू होतानाच सांगतं, तटावर चढ, पाया तपास, वीट भाजलेली आहे की नाही ते बघ. हे ऐकून ते म्हणाले, "हा कवी माझ्या धंद्यातला." तो तट खरोखर नऊ किलोमीटरहून लांब होता हे सांगितल्यावर त्यांनी वहीत विटांचा हिशेब मांडायला घेतला.

खरा वाद पेटला तो देवांवरून.

आमच्यात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर आहेत. त्यांना ही कादंबरी मुळातच पटली नाही. मला वाटलं, देवांना हात लावला म्हणून रागावले असतील. तसं नव्हतं. ते म्हणाले, "शतपथ ब्राह्मणात मनूची नाव माशाच्या शिंगाला बांधतात. ती गोष्ट मी आयुष्यभर शिकवली. पण तिथले देव पुराला घाबरत नाहीत. या लोकांचे देव घाबरतात. तीच तर त्यांची कमाल आहे." आणि त्यांनी मूळ काव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीतला भाग सांगितला. पूर सोडला देवांनीच, पण पाणी चढलं तेव्हा तेच देव आकाशात पळाले आणि भिंतीला अंग चोरून कुत्र्यांसारखे बसले. देवी बाळंत होणाऱ्या बाईसारखी ओरडली. पूर ओसरल्यावर वाचलेल्या माणसाने नैवेद्य मांडला, तर उपाशी देव त्याभोवती माश्यांसारखे जमले. सर म्हणाले, "देव काढून टाकले की हा जाब कुणाला विचारायचा? कवीने देवांना जाब विचारलाय, आणि या लेखकाने देवांची सुटका करून टाकली."

त्या दिवशी मी सरांच्या विरुद्ध बाजूला होतो, आणि माझ्या बाजूने बोलल्या गावभागातल्या मावशी.

कादंबरीत गिल्गामेश दिलमुनला जाऊन पुरातून वाचलेल्या झियुसुद्राला भेटतो तेव्हा पुराची हकीकत फार साधी निघते. जग बुडवणारा प्रलय वगैरे काही नाही. नदीचा पूर, लांबलेला पाऊस, आणि वेळेत हललेली माणसं. मंडळातल्या तरुणांना ते फिकं वाटलं. मावशी म्हणाल्या, "तुम्हाला फिकं वाटतं कारण २०१९ च्या पुरात तुम्ही पुण्यात होतात." मग त्या सांगत गेल्या. पाणी घरात येण्याआधी आयर्विन पुलावरच्या पातळीच्या आकड्यात येतं. ४५ फुटांना धोक्याची खूण, तोवर माणूस म्हणतो, दरवर्षीचंच आहे. मग पन्नास. मग ५३, म्हणजे २००५ चं पाणी, त्याच्या वर जाणार नाही अशी सगळ्यांची खात्री. ते ५७ च्या वर गेलं. मावशींनी ट्रंक माळ्यावर टाकली, माळ्यावरून गच्चीवर नेली, आणि शेवटी ट्रंक गच्चीवर सोडून त्या बोटीत बसल्या. "जग बुडालं असं वेगळं सांगायला लागत नाही," त्या म्हणाल्या, "तुमची गल्ली बुडाली की झालं. हा झियुसुद्रा खरं बोलतोय. बाकीचं लोकांनी नंतर मोठं केलं असेल, आणि करू दे की. आपणही नाही का करत?"

बापू, तुला आमचं घर आठवतं. पाणी उतरल्यावर मी दार उघडलं तेव्हा पुस्तकांचं कपाट आडवं पडलं होतं आणि पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की एक काढायला गेलं की तीन यायची. वर बोटभर गाळ. तो सुकला तेव्हा त्याला भेगा पडल्या आणि त्याच्या चौकोनी खपल्या निघायला लागल्या. पुढे या विषयावर वाचताना मला त्या खपल्या वारंवार आठवल्या. सुमेरच्या लोकांनी नदीच्या गाळाचीच पाटी केली आणि त्यावर बोरूने खुणा उमटवल्या. इसवी सनापूर्वी ६१२ मध्ये असीरियाची राजधानी निनवे जळालं, त्या आगीत राजाच्या ग्रंथालयातल्या कित्येक पाट्या भाजून आणखी पक्क्या झाल्या. १८७२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने त्यातल्याच एका पाटीवर पुराची गोष्ट ओळखली. माझा कागद पाण्याने नेला, आणि त्यांचा गाळ आगीतून वाचला. म्हणून मी त्या रविवारी सरांना ठासून म्हणालो, की लेखकाने देव काढले ते बरोबर केलं, त्यामुळे पूर आपल्या नदीला येऊन लागला.

माझं हे मत दोन आठवडे टिकलं. ते बदललं सिस्टरांमुळे.

सिस्टर म्हणजे सरकारी नोकरीत आयुष्यभर प्रसूती कक्षात काम केलेल्या आमच्या मंडळातल्या बाई. त्या कमी बोलतात. इनान्नाचा भाग मी सांगून संपवला. सुमेरी लोकांची ही देवी, पण कादंबरीत ती उरुकच्या मंदिराची मुख्य पुजारीण, देवी जिच्या अंगात वास करते अशी मानलेली. नववर्षाच्या रात्री राजाशी तिचा पवित्र विवाह होतो, तिला राज्यावर पकड हवी असते, राजा तिला झिडकारतो आणि ती त्याची वैरीण होते. मी म्हटलं, बघा, देवीचा कोप म्हणजे काय ते किती नीट उलगडून दाखवलंय, सगळं राजकारण. सिस्टर म्हणाल्या, "राजाची भीती कळली. पण या बाईची स्वतःची गोष्ट कुठे आहे?"

मला उत्तर देता येईना. आणि त्या गोष्टीची सुमेरी पाटी तर माझ्या वाचनात होती. म्हणून पुढच्या रविवारी कादंबरी बाजूला ठेवून मी इनान्नाच्या पाताळात उतरण्याची गोष्ट सांगितली. तीच तुलाही थोडक्यात सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिच्यात आहे.

इनान्ना आपण होऊन खाली जाते, थोरल्या बहिणीच्या, एरेश्किगलच्या राज्यात. जाण्याआधी निनशुबुर या आपल्या सेविकेला बजावून ठेवते, मी आले नाही तर कुणाकुणाच्या दारी जाऊन रडायचं. सात दरवाजे लागतात. पहिल्या दारात मुकुट काढून घेतात, पुढे गळ्यातली माळ, मग कडं, असं करत सातव्या दारात वस्त्रही. प्रत्येक वेळी ती विचारते, हे काय? उत्तर एकच, गप्प राहा, इथली रीत अशीच आहे. ती मरते आणि तिचं प्रेत खुंटीला टांगतात. तीन दिवस तीन रात्री. निनशुबुर दारोदार फिरते, मोठे देव हात वर करतात, शेवटी एन्की हा देव आपल्या नखांतला मळ काढून त्याचे दोन जीव घडवतो. ते माश्यांसारखे फटीतून आत शिरतात. आत एरेश्किगल बाळंतिणीसारखी कण्हत पडलेली. ती म्हणते, "हाय, माझं पोट." ते दोघं म्हणतात, "हाय, तुझं पोट." ती म्हणते, "हाय, माझी पाठ." ते म्हणतात, "हाय, तुझी पाठ." एवढंच. ती थांबते आणि विचारते, माझ्या दुखण्यात दुखणारे तुम्ही कोण? हवं ते मागा. ते खुंटीवरचं प्रेत मागतात.

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "पहिल्या वेणांना आलेल्या पोरीला हेच लागतं. 'धीर धर' म्हणून उपयोग नसतो. ती 'आई गं' म्हणाली की तिचा हात धरून आपणही 'आई गं' म्हणायचं. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. चार हजार वर्षांपूर्वी कुणाला तरी ठाऊक होतं."

बापू, त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की सरांचं आणि मावशींचं दोघांचंही खरं होतं आणि मी दोघांना एकाच काट्यावर तोलत होतो. पुरातून देव काढले तरी पूर उरतो, कारण पाणी खरं असतं. राजातून देव काढला तरी राजा उरतो. पण इनान्नातून देवी काढली की उरते ती फक्त राजाच्या वाटेत येणारी बाई. तिचं खाली उतरणं कुठल्याच राजकारणात बसत नाही, म्हणून "मी" म्हणून बोलणाऱ्या राजाला ते दिसतच नाही. हा दोष मी लेखकावर मुद्दाम ठेवतो, कारण त्याच मातीत खऱ्या पुजारिणीचा आवाज सापडलेला आहे. सारगॉन राजाची मुलगी एनहेदुआन्ना, उरच्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण, इसवी सनापूर्वी २३०० च्या सुमाराची. नावानिशी ओळखता येणारी जगातली पहिली कवी. तिच्या नावावरच्या इनान्नाच्या स्तोत्रात, बंडखोराने मला मंदिरातून हाकललं, ही तिची फिर्याद आहे. तिलाही राजकारण होतंच की. पण तिने ते देवीपुढे मांडलं, तिच्याच भाषेत. तिची कोरीव चकती वूलीलाच सापडली, १९२७ साली. कादंबरीतल्या पुजारिणीच्या तोंडी त्या आगीचा एक निखारा असता, तर मी हे पुस्तक डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

सरांना मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग मावशींचा पूर मीही मान्य करतो." दोघांनी चहा घेतला.

पुस्तक मात्र तू पुरतं वाच. एन्किडू आजारी पडतो ती पानं सावकाश वाच, त्याबद्दल मंडळात कुणाचंच दुमत नव्हतं.

आता माझं एक काम. तू राहतोस ते बेट म्हणजेच दिलमुन. ज्या देशात कावळा ओरडत नाही, सिंह मारत नाही आणि डोळे आलेला माणूस "माझे डोळे आलेत" म्हणत नाही असं सुमेरी कवीने लिहिलं, तिथे तू वीस वर्षं नोकरी करतोस आणि सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जातोस. कलात अल-बहरीनच्या टेकाडावर पुरातत्त्वज्ञ जेफ्री बिबीच्या डॅनिश पथकाला जमिनीखाली पुरलेली मातीची भांडी मिळाली होती, आणि त्यांत सापांचे सांगाडे, काहींत सोबत एक मणी. एका भांड्यात मोती होता. गिल्गामेश पायाला दगड बांधून समुद्रतळाशी गेला, पुन्हा तरुण करणारी वनस्पती घेऊन वर आला, आणि तो अंघोळ करत असताना ती सापाने खाल्ली, ते बिबीलाही आठवलं. ही भांडी त्या काव्याच्या मानाने पुष्कळ नंतरची आहेत, पण त्याने माझी ओढ कमी होत नाही.

तर येत्या शुक्रवारी वहिनींना घेऊन आधी त्या टेकाडावर जा आणि मग मनामाच्या संग्रहालयात. सापाची भांडी मांडलेली दिसली तर जवळून बघ. साप वेटोळं करून ठेवलाय का, मणी कुठे आहे, केवढा आहे, रंग कुठला. सिस्टरांना हवंय ते. मावशींनी वेगळं विचारलंय, तिथल्या समुद्रात खाली गोड्या पाण्याचे झरे होते म्हणतात, ते अजून आहेत का, कुणा जुन्या माणसाला विचारून सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्राचं उत्तर पत्रानेच दे.

तुझा,
नाना