फोर्लानच्या मॅचमधला समोरचा कोच

सुज्या,

फोनवर बोलायला गेलं की दोन मिनिटात आपला आवाज चढतो, तुझा पण आणि माझा पण, म्हणून लिहितोय. नाइट शिफ्ट आहे, भट्टी तापायला वेळ आहे, ऑफिसात पंख्याखाली बसून मोबाईलवर टाइप करतोय, तेव्हा चुका काढत बसू नको.

लग्नात मी तुझ्याबद्दल जे बोललो ते सगळ्यांच्या देखत बोललो. "गुडघा गेला म्हणून कोच झालाय, खेळता येत नाही त्याला दुसरं काय करायचं." काका हसले, मीही हसलो, आणि तू ताट तसंच ठेवून उठलास. नंतर फोनवर तू एवढंच म्हणालास, "पप्पा, त्या कॉपेलचं वाचा एकदा," आणि कट केलास. आधी मला कळेचना कोण कॉपेल. मग आठवलं, अंधेरीचा तो म्हातारा.

नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीला दहा-अकरा दिवस झालेले, आईनं डब्यातून शंभराच्या नोटा काढून दिल्या आणि आपण महालक्ष्मीनं मुंबईला गेलो, फक्त उरुग्वेच्या फुटबॉलवाल्या फोर्लानला बघायला. वर्ल्डकप खेळलेला माणूस प्रत्यक्ष बघायचा म्हणजे काय, मी तर दोन रात्री झोपलो नव्हतो. आयएसएलची, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगची मॅच, मुंबई सिटीनं केरळा ब्लास्टर्सला ५-० हाणलं, त्यात फोर्लानची हॅटट्रिक, घसा बसला आपला. आणि केरळाच्या बाजूला लाइनीवर तो गोरा उभारलेला, केस पांढरे, पाच गोल खाऊन चेहऱ्यावर माशी हलत नव्हती. मी तुला म्हणालो होतो, याला उद्या सकाळी घरी पाठवतील बघ. तू म्हणालास, नाही पाठवणार. बारा-तेरा वर्षाचा असशील. कशावरून म्हणालास ते मी कधी विचारलंच नाही.

आता आठ दिवस वाचतोय. इंग्लंडचा स्टीव्ह कॉपेल, जन्म १९५५, गाव लिव्हरपूल. उजव्या बाजूनं पळणारा मिडफिल्डर, विंगर म्हण. कॉलेजात असताना ट्रॅनमिअर क्लबकडून खेळायचा, १९७५ ला मँचेस्टर युनायटेडनं ६० हजार पौंडाला घेतला, तर हा म्हणे मी आधी डिग्री पूर्ण करणार. आणि त्यांचा मॅनेजर टॉमी डॉकर्टी हो म्हणाला! अर्थशास्त्राची डिग्री एकीकडे आणि ओल्ड ट्रॅफर्ड, युनायटेडचं ग्राउंड, दुसरीकडे. हे मी तुला बी.कॉम.साठी टोमणा म्हणून लिहीत नाही, ते झालं आता. मला नवल त्या मॅनेजरचं वाटलं. आमच्या तालमीत पेपर आहे म्हणून प्रॅक्टिस चुकवली असती तर वस्तादांनी पेठेत फिरू दिलं नसतं.

१९७७ ची एफए कप फायनल, तिकडची मोठी नॉकआउट स्पर्धा, लिव्हरपूलविरुद्ध २-१ जिंकली. म्हणजे स्वतःच्याच गावाला हरवलं. आणि १९७७ ते १९८१ सलग २०७ लीग मॅच, एकही चुकली नाही. मी हा आकडा इथल्या पोरांना सांगितला तर ते म्हणाले, साहेब, आमची एवढी हजेरी नाही.

मग नोव्हेंबर १९८१. वेंबलीवर इंग्लंड-हंगेरी, वर्ल्डकपला जायचं की नाही ते ठरवणारी मॅच. हंगेरीच्या योझेफ टोथचा टॅकल गुडघ्यावर बसला. इंग्लंड जिंकलं, वर्ल्डकपला पोचलं, आणि याचा गुडघा तिथंच संपला, फक्त तेव्हा कुणाला कळलं नाही. ऑपरेशनं झाली. स्पेनला १९८२ च्या वर्ल्डकपला गेला, खेळला, शेवटच्या मॅचला मात्र गुडघ्यानं उभंच केलं नाही. १९८३ मध्ये सोडलं. वय २८. इंग्लंडसाठी ४२ मॅच खेळलेला माणूस, अठ्ठावीस.

इथं मी मोबाईल खाली ठेवला. शाहू स्टेडियमवर तू पडलास तेव्हा मी पॅव्हेलियनमध्ये होतो, आवाज नाही आला मला पण तू जसा हात जमिनीवर आपटलास त्यावरून कळलं. एमआरआय, लिगामेंट, ते सगळं नंतर. आणि मी तुला काय म्हणालो, तर आमच्या वेळी हळद लावून खेळायचो. आमच्या वेळी गुडघे गेलेली किती माणसं आज पेठेत काठी घेऊन चालतात ते मी सांगितलं नाही. मी स्वतः जिना कसा उतरतो ते तू बघितलंयस.

आता पुढचं, जे माझ्यासाठी नवीन होतं. सोडल्यावर वर्षभरात, १९८४ ला, क्रिस्टल पॅलेसनं त्याला मॅनेजर केलं. अजून अठ्ठावीसच. त्याच्या वयाची पोरं टीममध्ये खेळतायत आणि हा बाहेर उभारून सांगतोय. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये अडकलेला, पैसा नाही. १९८५ ला त्यानं इयन राइटला घेतला, छोट्या संघातनं खेळणारा, बावीस वर्षाला टेकलेला, क्लबांनी ट्रायल घेऊन परत पाठवलेला. चार वर्षांनी पॅलेस वरच्या डिव्हिजनला. आणि तिथं गेल्या गेल्या, सप्टेंबर १९८९, लिव्हरपूलनं ॲनफिल्डवर, त्यांच्या घरच्या ग्राउंडवर, मारले ९-०. नऊ! आठ वेगवेगळ्या माणसांनी गोल केले, म्हणजे रांग लावून. आपण अंधेरीला ५-० ला नाचत होतो, त्या म्हाताऱ्यानं नऊ बघून झाले होते की रे.

मग काय केलं तर आरडाओरडा नाही, त्यानं नवीन गोली आणला. नायजेल मार्टिन, दहा लाख पौंड, तोवर ब्रिटनमध्ये गोलीला कुणी एवढे दिले नव्हते. आमच्याकडं कास्टिंग रिजेक्ट झालं की सुपरवायझर आधी मोल्डरला शिव्या घालतो (मीच घालतो), नंतर बघतो तर वाळूत ओल असते. याच्या बाबतीत उलटं वाटलं, आधी वाळू बघितली. आणि एप्रिल १९९० ला एफए कपची सेमीफायनल, समोर तेच लिव्हरपूल, व्हिला पार्क, एक्स्ट्रा टाइममध्ये ४-३ जिंकले. क्लबची पहिली एफए कप फायनल. फायनलला समोर मँचेस्टर युनायटेड, याचाच जुना क्लब, ३-३. राइटचा पाय त्या सीझनला दोनदा मोडलेला, तो बदली म्हणून आला आणि दोन गोल मारले. बरोबरी झाली म्हणून परत खेळवलेली मॅच, रिप्ले, मात्र १-० नं हरले. पुढच्या वर्षी लीगमध्ये तिसरे.

सगळंच गोड नाही, तेही वाचलं. १९९६ ला मँचेस्टर सिटीला गेला आणि ३३ दिवसांत सोडून आला, दबाव सहन होत नाही असं उघड सांगून. पूर्वी मी म्हणालो असतो, पळाला. आता माहीत नाही. मी तुझ्या वयाला असताना पहिल्या फाउंड्रीत गेलो, तिथला फोरमन हातात येईल ते फेकून मारायचा, तीन वर्षं काढली तिथं, आणि ती तीन वर्षं कसली मर्दुमकी म्हणून सांगत फिरलो. रात्री झोप लागायची नाही ते कुणाला सांगितलं नाही, तुझ्या आईला पण नाही. आणि हा पुढच्याच वर्षी परत पॅलेसला येऊन टीम प्रीमियर लीगला घेऊन गेला.

नंतरच्या रीडिंग क्लबचं तर तुला तोंडपाठ असेल. २००५-०६, पहिलीच मॅच घरच्या ग्राउंडवर हरले, त्यानंतर सलग ३३ मॅच हार नाही. ४६ पैकी फक्त दोन हरले, १०६ पॉइंट. केव्हिन डॉइल आयर्लंडहून आणला ७८ हजार पौंडाला, तिथल्या हिशेबानं चिल्लर. क्लब इतिहासात पहिल्यांदा वरच्या लीगमध्ये गेला आणि पहिल्याच वर्षी आठवा. हे वाचताना मी खरंच एकटा हसलो, वॉचमन बघत होता.

आणि केरळ. तू बरोबर होतास, कुणी घरी पाठवलं नाही. आदल्या वर्षी तळाला असलेली टीम, आपल्यासमोर पाच खाऊन परत गेली आणि पुढच्याच मॅचला पुण्याला कोचीत हरवलं, लीगमध्ये दुसरे आले, १८ डिसेंबरला फायनल. ती आपण घरी टीव्हीवर बघितली, आज्जी पण बसलेली, कोलकात्याकडून पेनल्टीवर हरले. तू रडलास आणि मी म्हणालो, मुंबईवाला असून केरळासाठी काय रडतोस. तू खेळाडूंसाठी रडत नव्हतास बहुतेक. पुढं तो जमशेदपूरला गेला, नवी टीम, सुरुवातीला नुसत्या ०-० मॅचेस, शेवटच्या लीग मॅचला गोव्यानं ३-० हरवून प्लेऑफची वाट बंद केली. ती मॅच बघताना तू वहीत काहीतरी बाण काढत होतास, मी ओरडलो होतो, अभ्यास कर म्हणून. ती वही परवा माळ्यावर सापडली. बाण आहेत, गोल आहेत, एके ठिकाणी लिहिलंयस "रेड कार्डनंतर ४-४-१ का?", म्हणजे दहा माणसं अशी का उभी केली. पंधराही पूर्ण नसशील. गुडघा तेव्हा ठणठणीत होता तुझा.

म्हणजे गुडघा गेला म्हणून कोच झाला हे मी जे बोललो ते चूकच होतं. ते मी मागे घेतो. काकांना पण फोन करून सांगितलंय, ते म्हणाले, मला काय सांगतोस, पोराला सांग.

कोचिंगच्या डी लायसन्सचे पैसे तू मित्राकडून घेतलेस असं आई म्हणाली. अकाउंटला टाकलेत, त्याला आजच दे. फिजिओ बंद करू नको, उन्हात पोरांच्या मागं पळताना ब्रेस घाल.

रविवारी मला सुट्टी आहे. पहाटेच्या एसटीनं पुण्याला येतो. तुझ्या बारक्यांची प्रॅक्टिस किती वाजता असते तेवढं कळव. मी लांब जाळीच्या मागं उभारेन, मधे बोलणार नाही. लईच वाटलं तर नंतर चहाला सांगेन.

पप्पा