होई आनला दिवाळीत नको, बुद्धपौर्णिमेला जा

संपादक महोदय,

जळगाव-धुळ्यात सध्या दिवाळीच्या सुट्टीसाठी व्हिएतनामच्या सहलींची नोंदणी जोरात आहे. बहुतेक सहलींत मुक्काम दा नांग शहरात आणि जवळच्या होई आन या जुन्या गावाला दोन-तीन तासांची धावती भेट. यात महिनाही चुकतो आणि वेळही.

आपला पाऊस ओसरतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा सुरू होतो. ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प आणतात, पश्चिमेची त्रुओंग सोन डोंगररांग ते अडवते, त्यात वादळांची भर. डोंगरातले पाणी थू बॉन नदीतून उतरते आणि होई आन तिच्या मुखाशी वसलेले. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नदीकाठचे कॅफे आणि रात्रबाजार केव्हाही पाण्याखाली जाऊ शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तर जुन्या गावातल्या रस्त्यांवरून होड्या चालत होत्या. कापसा-केळीचा पैसा असा पाण्यात का घालायचा?

फेब्रुवारी ते मे कोरडा काळ. त्यातही तारीख पंचांग पाहून ठरवावी. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री, म्हणजे साधारण आपल्या शुद्ध चतुर्दशीला, जुन्या गावातले बरेचसे विजेचे दिवे मालवतात आणि रेशमी कंदिलांचाच उजेड उरतो. दिवाळीत अमावास्या, त्यामुळे ही रात्र हुकतेच. शाळांना सुट्टी असताना बुद्धपौर्णिमेची आदली रात्र साधते. दुपारी ऊन कडक असते, पण खान्देशच्या माणसाला मे महिन्याचे काय नवल! एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, म्हणून तिथे दोन रात्रींचा मुक्काम मागून घ्यावा.

१९९९ पासून जागतिक वारसा असलेले हे गाव खरे खुलते ते दुपारी तीननंतर, गाड्या बंद झाल्यावर. आधी कॅफेत बसावे. तिथली कॉफी 'फिन' नावाच्या धातूच्या गाळणीतून उतरते. पेल्यात दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क, गाळणीत २० ते २५ ग्रॅम भरड रोबस्टा (कॉफीचा एक कडक प्रकार), वरून जाळीची चकती. आधी थोडेसेच उकळते पाणी घालून पूड अर्धा मिनिट फुलू द्यायची, मग गाळणी भरायची. चार-पाच मिनिटांत थेंब थेंब उतरते. धार लागली तर चकती सैल आहे किंवा पूड फार जाड. थेंबच पडेना तर चकती जास्त दाबली गेली आहे. बर्फासह दुधाची हवी तर 'का फे सुआ दा' म्हणावे, बिनदुधाची 'देन'. रोबस्टा कडक असते. रात्री झोप हवी असेल तर संध्याकाळी एकच पेला पुरे.

अंधार पडल्यावर पूल ओलांडून नदीतल्या 'आन होई' नावाच्या बेटावर जावे. रात्रबाजार आणि बरेचसे बार तिथेच. बाजार साधारण दहाला आवरतो, म्हणून जेवण लवकर उरकावे. शाकाहारींनी 'चाय' (चहा नव्हे, शाकाहारी) अशी पाटी शोधावी. या ठिकाणी मांस-मासे नसतात. इतरत्र भाजीच्या ताटातही माशांचे पाणी, 'नुओक माम', असते, तेव्हा 'खोंग नुओक माम' असे आधीच सांगावे. पैसे देताना नोट दिव्याखाली धरून पाहा: वीस हजार आणि पाच लाख डाँग, दोन्ही नोटा निळसर आहेत आणि मंद उजेडात हमखास फसगत होते.

तरुणांना एक कळकळीची विनंती: स्कूटर भाड्याने घेऊ नका. आपल्या आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार असतो, व्हिएतनाम १९६८ चा व्हिएन्ना करार मानतो, म्हणून तो परवाना तिथे चालत नाही. भाड्याने देणारा परवाना विचारत नाही, अपघातानंतर विमा कंपनी मात्र विचारते. शिवाय तिथे वाहतूक उजवीकडून आणि पिऊन चालवण्याला जराही सूट नाही. दा नांग विमानतळ तीसेक किलोमीटरवर आहे, ॲपवरून टॅक्सी सहज मिळते.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढावा. एका प्रवेशाचे २५ डॉलर पडतात, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर भरावे.

– एक वाचक, अमळनेर