हेन्रिएटचा झगा

व्हेनिस
रविवार, रात्री

प्रिय सुमे,

हॉस्टेलच्या गच्चीवर आपण ओढण्या पिळायचो ते आठवतं? ओल्या मलमलीचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. पीळ देता देता ओढणीच स्वतःभोवती गुंडाळली जायची. मग गाठ मारून रात्रभर ठेवायची. सकाळी सोडली की अंगभर बारीक चुण्या, आणि पहिल्या धुण्यात सगळ्या गायब!

आज इथल्या फॉर्च्युनी संग्रहालयात 'डेल्फॉस' पाहिला आणि तुझे ओले हात आठवले. मारियानो फॉर्च्युनी या वस्त्रकाराच्या याच जुन्या वाड्यात १९०७च्या सुमारास हा गाऊन जन्मला. डेल्फी इथल्या प्राचीन ग्रीक सारथ्याच्या ब्राँझच्या पुतळ्यावरून त्याला नाव दिलं. चार-पाच पन्हे काठाला काठ जोडून केलेली रेशमाची एक लांब नळी, बस्स. आत कॉर्सेट नाही, कंबर आवळणं नाही. त्या काळी हे धाडसच. म्हणून बायका आधी तो घरीच, पाहुण्यांसमोर घालत. संध्याकाळच्या समारंभांना घालून जाणं नंतर सुरू झालं.

पण चुण्या, सुमे! केसासारख्या बारीक, आणि एक दुसरीसारखी नाही. बोटभर जागेतल्या मोजायला गेले, तीनदा चुकले. बाजूच्या शिवणींवर रेशमी दोरीत ओवलेले, इथल्याच मुरानो बेटावरचे काचमणी आहेत. त्यांच्या वजनानं ते हलकं रेशीम अंगासरशी खाली उतरतं आणि पावलांभोवती घोळ होऊन पसरतं. घडी घालायची नाही. लडीसारखा पीळ देऊन छोट्या गोल डब्यात ठेवायचा. भिजला की चुण्या सुटणार, मग पुन्हा चुणायला व्हेनिसलाच पाठवायचा. त्या नेमक्या कशा घालत, हे आजही कुणाला पक्कं उलगडलेलं नाही.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहायला बसले ते. १९०९मध्ये फॉर्च्युनीनं याचं पेटंट घेतलं, स्वतःच्या नावानं. पण त्याच कागदावर त्यानं हातानं लिहून ठेवलंय, की ही कल्पना हेन्रिएटची, म्हणजे पुढे त्याची बायको झालेल्या त्याच्या जोडीदारणीची. अर्ज करायची घाई होती म्हणून माझं नाव घातलं. हे वाचल्यापासून मी दुसरं काही नीट पाहूच शकले नाही. जगभर 'फॉर्च्युनी गाऊन' म्हणून मिरवलेल्या कपड्यामागे तिचे हात होते. १९४९मध्ये तो गेला आणि तिनं डेल्फॉस करणं थांबवलं. पुढे वाडाही शहराला देऊन टाकला.

तू पंधरा वर्षं ज्या दुकानाला ब्लाउज शिवून देतेस, त्यांचं लेबल तूच आपल्या हातानं टाचतेस. पाठीवरच्या त्या उलट्या चुण्या तुझ्या आहेत, तू त्या माझ्यासमोर जुन्या साडीच्या तुकड्यावर रात्रभर जागून बसवल्यास. फॉर्च्युनीनं निदान कडेला दोन ओळी लिहिल्या. तुझ्यासाठी तेवढंही कुणी केलं नाही, याचा मला फार राग येतो. तू चिडत नाहीस, म्हणून जास्तच येतो.

दोन मुठी काचमणी घेतलेत, पांढरे, काळ्या रेघांचे. शुक्रवारी पोहोचते. पांढरं रेशीम भिजवून ठेव, एक टोक मी धरते. आणि लेबल आधी शिवून ठेव, तुझ्या नावाचं.

तुझीच,
वसू