ताई, हे काम तुम्ही मला शिकवलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्था तुमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या जिवावर उभ्या असतात, आणि अहवालात मात्र तुम्ही एखाद्या फोटोच्या कडेला दिसता. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. आभार मात्र उघडपणे मानायचे आहेत.

पुण्यात कर्जाच्या फायली तपासायची नोकरी होती तेव्हा मला एवढंच कळत होतं, की हे जन्मभर करायचं नाही. मग काय करायचं, ते कळत नव्हतं. संस्थेत आले, पगार कमी झाला, आणि ऊसतोड टोळ्यांच्या मुलांचे वर्ग बघायला मला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात पाठवलं. तिथे तुम्ही होतात. बीड जिल्ह्यातल्या. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेले की आजीपाशी राहून बारावीपर्यंत शिकलेल्या.

तेव्हा नातेवाईक म्हणायचे, समाजसेवा करतेस, पुण्य लागेल. ते मी तुम्हाला कौतुकाने सांगितलं, तर बाराखडीचा तक्ता गुंडाळत तुम्ही म्हणालात, "पुण्याईनं पोरगं वाचत नसतं. शिकवता यावं लागतं." माझ्या पुढच्या सगळ्या वर्षांची दिशा त्या वाक्यातून ठरली. भलं करण्याची इच्छा पुष्कळांकडे असते. हे एक कसब आहे, शिकून घ्यावं लागतं आणि त्यात आयुष्य घालता येतं, हे मला दुसरं कुणी सांगितलं नव्हतं.

'असर' सर्वेक्षणाचे आकडे मला येण्याआधीपासून पाठ होते. २००५ पासून हे सर्वेक्षण गावोगावी घरी जाऊन मुलांचं वाचन तपासतं. २०२२ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली होती. पण या आकड्यामागे मूल कसं बसलेलं असतं, ते तुम्ही दाखवलंत. समोर नाही, शेजारी बसायचं. कागद त्याच्या हातात द्यायचा. सुरुवात उताऱ्यापासून करायची. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, मग अक्षरं. पाचातले चार शब्द बरोबर आले तर ते मूल शब्दाच्या पातळीवर. अडखळलं तरी ओठ हलवून मदत करायची नाही, कारण आज खोटी पातळी लिहिली तर उद्या त्याला चुकीच्या गटात बसवू. तुमची ती शिस्त मला फार मोलाची वाटते. त्या मुलाबद्दलचा आदरच होता तो.

गट इयत्तेप्रमाणे नाहीत, वाचनाच्या पातळीप्रमाणे. चौथीतला मुलगा दुसरीतल्या मुलीशेजारी बसायला लाजला, की तुम्ही काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायचं काम त्याच्याकडे सोपवायचात. गणिताला सगळे त्याच्याकडे मागायला यायचे. वाचनाची सुरुवात मुलांच्या तोंडच्या शब्दांनी व्हायची: फड (उसाचं शेत), मोळी, बैल, कोपी (टोळीची झोपडी). आणि ती झोळी! आठ-नऊ वर्षांच्या मुली वर्गाला येत नव्हत्या, कारण आईवडील पहाटेच फडात गेले की तान्ह्या भावंडाला सांभाळायचं त्यांच्याच वाट्याला यायचं. तुम्ही वर्गातच झोळी बांधलीत. बाळ झोळीत, झोळीची दोरी मुलीच्या हातात आणि पुढ्यात पाटी. मोठमोठ्या बैठकांमध्ये मुलींच्या गळतीवर बोललेलं मी खूप ऐकलं आहे. त्या झोळीइतका नेमका उपाय मला कुठे भेटला नाही.

जवळच्या एका शाळेत आपल्या मुलांना दाखल करायला गेलो, तर दाखला मागितला. टोळीबरोबर आलेल्या मुलांचा दाखला गावातल्या शाळेत. तुम्ही आवाज न चढवता पिशवीतून शिक्षण हक्क कायद्याची झेरॉक्स काढलीत आणि २००९ च्या त्या कायद्यातलं पाचवं कलम वाचून दाखवलंत: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुलं त्याच दिवशी वर्गात बसली. बाहेर आल्यावर तुम्ही मला सांगितलंत, की तुमच्या लहानपणी हा कायदा नव्हता, म्हणून तुमचे दोन्ही भाऊ टोळीबरोबर गेले ते शाळेत परतलेच नाहीत. झेरॉक्स एवढी चुरगळलेली का होती, ते मला तेव्हा समजलं.

सगळं काही जमत नाही, हेही तुमच्याबरोबर राहून पाहिलं. कोपी उठते, टोळी रातोरात दुसऱ्या फडाकडे जाते, जोडाक्षरांपर्यंत आलेलं मूल मध्येच निघून जातं. टोळी आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत कुटुंबाला थांबता येत नाही आणि वाचनवर्गाने उचल फिटत नाही. त्यासाठी मजुरीचे आणि करारांचे प्रश्न सुटायला हवेत, असं मला ठाम वाटतं. पण म्हणून तुम्ही मूल सोडून देत नाही. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधी प्रत्येकाची पातळी शिक्षण हमी कार्डासोबतच्या (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं कार्ड) चिठ्ठीत लिहिता, गावच्या गुरुजींना फोन करता, "आमची पोरगी उताऱ्यावर आली आहे, तिला परत अक्षरावर बसवू नका" असं बजावता. ते "आमची" मी अजून कानात साठवून ठेवलं आहे.

आज मी तालुक्याची जबाबदारी सांभाळते. असं किती दिवस करणार, असं आता घरी कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर आहे. ते तुमच्यामुळे आहे, ताई. मनापासून आभार.

दसरा झाला की टोळ्या यायला लागतील. यंदा दोन नवे कार्यकर्ते रुजू झाले आहेत. त्यांचा पहिला आठवडा तुमच्या वर्गात ठेवला आहे; चाचणी घ्यायला त्यांना तुम्हीच शिकवा. आणि कार्यकर्त्यांच्या मानधनवाढीचा प्रस्ताव मी पाठवला आहे, तुमच्या कामाची सगळी टिपणं जोडून. त्यावर सही झाली की कळवते.

तुमची,
शिरोळच्या वर्गांवरची धाकटी ताई